सहावं बटण

आमची आणि शेजारची कंपाउंडची भिंत साडेतीन फुटांची आहे. बिल्डरने विटा वाचवल्या आणि माझी सोय केली. भिंत बुटकी असली की किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही, आपोआप अंगणात येऊन पडतात. घरात दुसरं माणूस असेल तर संध्याकाळच्या चहाबरोबर ते त्याला सांगून संपतात. नसेल तर साचतात. माझ्याकडे बरेच साचलेत, म्हणून लिहायला बसले. नववीपर्यंतच शिकले आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं तुमचं तुम्ही बघून घ्या.

किस्से सगळे शेजारच्या घरातले. आमच्या शहाद्यातल्या या कॉलनीत ते घर वर्षभर बंद होतं. मग तिथे दोन वर्षं तीन बायकांचा अड्डा जमला. एक केतकी, पुण्याची, तिशीतली, फुप्फुसांच्या आजारांवर संशोधन करणारी. दुसरी सुमनताई वळवी, धडगावकडची, पंधरा वर्षं आशाताई म्हणून डोंगर पालथा घातलेली, आता केतकीच्या कामात. तिसरी मी, नलूमावशी. मला कोणी बोलावलं नव्हतं.

*

केतकी आली तेव्हा टेम्पोतून काय काय उतरतं ते मी तुळशीला पाणी घालत बघत होते. पलंग नाही, फ्रीज नाही, कपाट नाही. कॉम्प्युटरचे खोके मात्र चार. तुळशीला त्या दिवशी तीन वेळा पाणी झालं.

अर्ध्या तासात मी वांग्याचं भरीत घेऊन गेले. भरिताचा डबा हातात असला की लोक दारातून परत पाठवत नाहीत. लग्न झालं का, आईवडील कुठे असतात, एकटीच राहणार का, गाडी येते का, हे सगळं डबा रिकामा होईपर्यंत विचारून झालं. शेवटी विचारलं, काम काय करतेस?

म्हणाली, "मावशी, मी खोकले गोळा करते."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण तिने नीट समजावलं. माणसाने फोनमध्ये खोकायचं. तो आवाज कॉम्प्युटरला ऐकवायचा. असे हजारो खोकले ऐकून कॉम्प्युटर शिकतो, की साधा खोकला कोणता आणि टीबीचा संशय घ्यावा असा कोणता. म्हणजे डोंगरातल्या माणसाला नुसत्या शंकेपोटी एक्स-रेसाठी दिवसभर चालत यायला नको. कोणाला न्यायचं ते फोनच आधी सांगेल. डॉक्टरचा कान तयार व्हायला अर्धं आयुष्य जातं, म्हणाली, हे मशीन काही महिन्यांत तयार होतं. सगळे एआय एआय करतात ना, तेच हे.

मी विचारलं, आणि या खोकले ऐकण्याचा तुला पगार मिळतो?

"मिळतो की."

म्हटलं, माझ्या सासूबाईंचा मी अठरा वर्षं फुकट ऐकला.

*

तिच्या दारावर नावाच्या आधी 'डॉ.' लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवसापासून कॉलनीतल्या बाया गुडघे घेऊन यायला लागल्या. ती प्रत्येकीला हात जोडून सांगायची, मी ती डॉक्टर नाही, मी गोळ्या देत नाही, इंजेक्शन देत नाही, मी फक्त खोकल्याचा अभ्यास करते. बाया हिरमुसून जायच्या.

मागच्या गल्लीतल्या रुखमाबाई तेवढ्या गेल्या नाहीत. त्यांचे दोन्ही मुलगे वापीला. त्यांनी चप्पल काढली, आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि पदराने घाम पुसला.

केतकीने परत सांगितलं, आजी, मी औषध देत नाही हो.

"नको दिऊ, माय," रुखमाबाई म्हणाल्या. "नुसतं आयक."

मंगळवारी-शुक्रवारी त्या तासभर येऊन बसायच्या. खोकला त्यांना नव्हताच.

*

आता आमच्या ह्यांचा किस्सा.

हे पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरीला होते. रिटायर झाल्यावर आम्ही इथे घर घेतलं. रोज पाच वाजता वाचनालयात पेपर वाचायला जायचे आणि दिवेलागणीला परत. फाटकाशी आले की खाकरायचे. दोन आखूड, एक लांब. सासऱ्यांचीही तीच सवय. तापीकाठच्या आमच्या गावाकडे मोठा माणूस न खाकरता घरात पाय ठेवत नाही. सुना ओट्यावर पाय पसरून बसलेल्या असतात, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. इथे सुना नव्हत्या, मी एकटी, आणि मी काही पाय पसरून बसत नव्हते. तरी हे खाकरायचे, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "उघडंच शे, या!"

केतकीला कॉलनीतल्या पाच-पन्नास लोकांचे आवाज हवे होते. ह्यांचा नंबर आला. तिने फोन पुढे धरला. म्हणाली, काका, तीनदा खोका.

हे बघत राहिले. म्हणाले, "मन्हा खोकला मांगीसन येत नही, बाई."

प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली. केतकी म्हणाली, बरं, जसं जमेल तसं करा. हे उठले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले. ती फोन घेऊन मागोमाग. फाटक ढकललं, बिजागरी करकरली, हे खाकरले, दोन आखूड, एक लांब, आणि मी आतून सवयीने ओरडले, "उघडंच शे, या!"

केतकी हसायला लागली. म्हणाली, मावशी, दोन मिनिटं गप्प बसा, माझं रेकॉर्डिंग चालू आहे. हे परत बाहेर गेले. परत करकर, परत खाकरणं. आणि माझ्या तोंडून परत तेच.

तिने हात टेकले. म्हणाली, राहू दे, जाऊ दे असंच.

संध्याकाळी मशीनचा निकाल आला. लाल खूण, म्हणजे संशयित. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर फुप्फुसं काचेसारखी स्वच्छ. महिनाभर हे वाचनालयात सगळ्यांना सांगत होते, कॉम्प्युटरने मला नापास केलं आणि डॉक्टरने वरच्या वर्गात घातलं.

चैत्रात हे गेले. दुपारी हे ज्वारीचे बिबडे वाळत घालायला गच्चीवर आले, तिथेच बसले, तिथेच संपलं. हृदय, म्हणाले. फुप्फुसं शेवटपर्यंत स्वच्छ होती. हृदयाचं कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी दिवे लागायच्या आत फाटकाला कडी घालते.

*

मला त्या घरात नोकरी कशी लागली, तो प्रेशर कुकरचा किस्सा.

ह्यांना जाऊन दोन महिने झाले असतील. सगळे पाहुणे आपापल्या गावी गेलेले. सुरतेचा मुलगा रविवारी फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, जेवले म्हटलं की दोघांकडचं बोलणं संपायचं. मी भिंतीशी लसूण सोलत बसले होते. पलीकडे केतकी आणि सुमनताई कॉम्प्युटरवर मोठ्याने एकेक आवाज लावत होत्या. एक आवाज सात-आठ वेळा लावला. फुस्स, फुस्स, मग खर्र. केतकी म्हणाली, हा दम्याचा असेल. सुमनताई म्हणाली, नाही, जुना कफ असेल.

मला राहवलं नाही. भिंतीवरून म्हटलं, "पोरी, हाऊ खोकला नही शे. कुकर शे. आणि त्याची रिंग गळते."

दोघींनी परत आवाज लावला. केतकी बाहेर आली आणि म्हणाली, मावशी, जरा आत येता?

तिने आणखी आवाज लावले. मी सांगत गेले. हा बिडी ओढणारा. हा दळणाच्या गिरणीत काम करणारा, पिठाचा खोकला कोरडा असतो. ही बाई खोकत नाही, नवऱ्याला गप्प करते आहे. त्यातल्या गिरणीवाल्याचं खरं निघालं, बाकीचं तपासायला काही साधन नव्हतं.

मग तिने मला काम समजावलं. मशीन चुकतं कुठे, ते मशीनला माणसानेच सांगावं लागतं. ज्या आवाजांबद्दल मशीन म्हणतं आजारी आणि एक्स-रे म्हणतो ठणठणीत, ते सगळे एका ढिगात बाजूला काढलेले. मी त्याला भांडणाचा ढीग म्हणायचे. कानाला हेडफोन लावून एकेक ऐकायचा आणि पाचपैकी एक बटण दाबायचं. खोकला, शिंक, दुसरा आवाज, कळत नाही, ओळखीचा. एक आवाज तीनदा ऐकता येतो. चौथ्यांदा मशीन ऐकवत नाही, बटण दाबावंच लागतं.

मी म्हटलं, नव्या सुनेला पण असंच शिकवतात. हे दूध उतू जायचं, हे सासऱ्यांचं, हे मांजर.

रोज तीन ते पाच मी तिच्याकडे जायला लागले. जन्मभर लोक म्हणत आले, नलूचे कान भिंतीला असतात. आता ते पुण्याच्या कामाला लागले होते.

*

कोंबड्यांचा किस्सा सुमनताई कुठेही सांगते, पण शोध माझा आहे.

चार-पाच दिवस ऐकल्यावर मी केतकीला विचारलं, की ह्या लाल खुणेच्या प्रत्येक आवाजात मागे कोंबड्या का ओरडतात? ती म्हणाली, मावशी, तुम्ही खोकल्याकडे लक्ष द्या. मी म्हटलं, मी देते गं, पण तुझं मशीन देत नाही.

ती हसली, मग हसायची थांबली. कागद काढले. झालं होतं असं, की खऱ्या पेशंटांचे आवाज सुमनताईने त्यांच्या घरी जाऊन घेतले होते. डोंगरातलं घर, अंगण, अंगणात कोंबड्या. आणि तब्येतीने धडधाकट लोकांचे आवाज घेतले होते शाळेच्या बंद खोलीत. मशीनने दोन्ही ऐकले आणि आपल्या डोक्याने शिकलं, की कोंबडी ओरडली म्हणजे टीबी.

खात्री करायला तिघी नवापूरकडे गेलो. रस्त्याकडेच्या एका पोल्ट्री शेडबाहेर सुमनताईला उभं केलं. सुमनताई अशी, की दोन गोण्या खत घेऊन चढ चढेल. ती फोनमध्ये ठणठणीत खोकली. लाल खूण.

मग केतकी म्हणाली, खोकू नका, नुसता फोन धरा. परत लाल खूण.

सुमनताईने फोन केतकीच्या हातात दिला. "माले काही नही व्हयेल," ती म्हणाली. "टीबी कोंबडीसले शे."

केतकी रस्त्याकडेच्या दगडावर बसली. आठ महिन्यांचं काम होतं तिचं. मला वाटलं रडते की काय. पण म्हणाली, बरं झालं, आत्ता कळलं. नंतर कळलं असतं तर कोंबड्या नसलेला एखादा आजारी माणूस घरीच राहिला असता.

परतीच्या वाटेवर खांडबाऱ्याला चहा घेतला. तिथल्या टपरीमागे एक कोंबडा ओरडला. तिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि चहा सांडेपर्यंत हसलो. चैत्रानंतर मी तेव्हा पहिल्यांदा हसले. घरी येऊन सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

*

केतकीच्या कॉम्प्युटरवर आणखी एक प्रकार होता. त्याला लिहून विचारायचं आणि तो लिहून उत्तर द्यायचा. जगभरचे खोकल्यावरचे इंग्रजी लेख तो तिला वाचून थोडक्यात सांगायचा. जे वाचायला पूर्वी वर्ष गेलं असतं ते ती चहा प्यायच्या आत विचारून घ्यायची. मधूनमधून तो ठोकूनही द्यायचा म्हणे, नसलेल्या लेखाचं नाव सांगायचा, म्हणून ती सगळं परत तपासायची. मी म्हटलं, आपल्या कॉलनीच्या सेक्रेटरीसारखाच आहे.

एकदा ती आत आंघोळीला गेली होती. सुमनताईने मराठीत टाइप करून दिलं. मी विचारलं, तुझ्या शेजारी कोण राहतं?

त्याने फार अदबीने लिहिलं. मला घर नाही, त्यामुळे मला शेजारीही नाहीत. तुमच्या शेजाऱ्यांबद्दल सांगायला आवडेल का?

मी सांगितलं. सुमनताईची बोटं दुखेपर्यंत सांगितलं.

केतकी बाहेर आली तेव्हा मी तिला म्हटलं, बिचाऱ्याला कामाशिवाय पण काही विचारत जा गं कधी.

*

सहावं बटण माझ्यामुळे आलं, त्याचं असं.

सुमनताई एक दिवस तापीकाठच्या एका गावाहून संतापून आली. गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज घेतले, तर झाडून सगळे लाल. ट्रॅक्टरमध्ये घालून सगळ्यांना दवाखान्यात नेलं. सगळे ठणठणीत. आता गाव तिला दारात उभं करेना. एक म्हातारबुवा तर भर चौकात म्हणाला होता, "घरात सुना शेतस म्हनीसन खाकरनू, त्याले बी दवाखाना?"

केतकीला काही कळेना. ती मला म्हणाली, मावशी, हे ऐका.

मी ऐकलं. सगळे खाकरत होते. कोणी एकदा, कोणी दोनदा, कोणी चपला आपटून मग. मी तिला सांगितलं, हे खोकलेच नाहीत. सुमनताई फोन घेऊन दारात उभी, ते बाहेरून आत येणार, मग ते दुसरं काय करतील? ह्याला काही कारण लागत नाही. हा दारावरचा निरोप आहे.

"निरोप काय पण?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आलो.

तिने पुण्याला फोन केला. अर्धा तास इंग्रजीत बोलली. मध्ये एकदा 'सुना' हा शब्द आला. दुसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर पाचाच्या शेजारी सहावं बटण होतं. त्यावर मराठीत लिहिलं होतं, आलो.

पुढच्या पंधरा दिवसांत त्या बटणाने मशीनला शिकवलं. मग तापीकाठचे म्हातारे लाल यायचे थांबले. केतकी म्हणाली, पुण्यात तिच्या मोठ्या सरांनी विचारलं, ही नलू कोण? कुठून पीएचडी? सुमनताई म्हणाली, सांगा, भिंतीवरून.

*

ओळखीचा हे बटण मी एकदाच दाबलं.

आवाज कोपऱ्यावरच्या काशिनाथ आप्पांचा होता, किराणा दुकानवाल्यांचा. खोकून झाल्यावर "हरी हरी" म्हणाले, शंकाच नको. मी ऐटीत बटण दाबलं. आवाज स्क्रीनवरून गेला.

मी विचारलं, कुठे गेला?

केतकी म्हणाली, पुसला गेला. नियम आहे. आवाजाला नाव नसतं, नुसता नंबर. तो कोणाचा हे कोणालाही कळता कामा नये. ऐकणाऱ्याने ओळखला, तर तो काढून टाकायचा.

"परत आणता येतो?"

"नाही मावशी. कायमचा."

मग विचारायचं होतं ते विचारलं. ह्यांचा पण ह्यातच असेल ना?

केतकीने चष्मा काढला. तिला वाटतच होतं मी कधीतरी विचारेन. म्हणाली, काकांचा मशीनने लाल केला होता आणि एक्स-रे स्वच्छ आला होता, म्हणजे याच ढिगात असायला हवा. पण नंबर कोणता ते मलाही माहीत नाही. नावांची यादी पुण्यात कुलपात असते, ती मी मागू शकत नाही. मागितली तरी देणार नाहीत, आणि देऊ नये. माझ्याकडे असता ना मावशी, तर मी...

मी म्हटलं, असू दे गं. मी आपलं विचारलं.

तेव्हापासून मी तीनला जायची ती अडीचला जायला लागले. शिंका, ढेकर, बैलगाड्या, दळणाची जाती, रडकी पोरं. कोणी खाकरलं की हात थांबायचा. दोन आखूड, एक लांब नसलं की पुढे. दर संध्याकाळी केतकी विचारायची, मावशी, आज किती झाले? मी आकडा सांगायचे. तिने दुसरं काही कधी विचारलं नाही.

ढीग कमी होत होता. दिवाळीच्या आधी काम संपवून केतकी पुण्याला जाणार होती. घरमालकाला तिने नोटीसही दिली होती. सुमनताईला धडगावला दुसरं काम मिळालं होतं. मुलगा फोनवर म्हणाला, आई, तू आता सुरतेला ये. मी म्हटलं, येते, एक ढीग उरलाय.

*

शेवटच्या दिवशी तेरा आवाज उरले होते.

केतकी बाहेरच्या खोलीत खोके बांधत होती. चिकटपट्टी ओढली की टर्रर्र आवाज यायचा, हेडफोनमधूनही कळायचा. सुमनताई सकाळीच डाळीचे फुनके खाऊन, दोघींच्या गळ्यात पडून गेली होती. मी नेहमीच्या खुर्चीवर बसले. पदर खोचला, कान झाकले.

पहिला खोकला. दुसरा खोकला. तिसरी शिंक. चौथा, पाचवा, सहावा खोकला, सातवा कोणाचा तरी मोबाइल. आठवा खोकला, बिडीचा. नववा कळेना, तसं दाबलं. दहावा खोकला.

अकराव्यात आधी बिजागरी करकरली.

आमच्या फाटकाच्या बिजागरीला तेल मीच घालत नव्हते. हे म्हणायचे, घाल ना. मी म्हणायचे, करकरलेली बरी, कोण आलं ते कळतं. ती तशीच करकरली. मग पुढचं ऐकू आलंच नाही, कारण माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. आवाज संपला.

दुसऱ्यांदा लावला. बिजागरी. मग खाकरणं. दोन आखूड, एक लांब. त्यानंतर लांबून, घरातून, एका बाईचा आवाज. मोकळा, जोरात, कामात असलेल्या बाईचा. तिला काही माहीत नव्हतं.

एकदाच उरलं होतं. मी पदराने हात पुसले. खुर्ची पुढे घेतली. बटण दाबलं.

बिजागरी. दोन आखूड. एक लांब.

"उघडंच शे, या!" मी म्हणाले. कानावर हेडफोन असले की आपण किती मोठ्याने बोलतो ते आपल्याला कळत नाही.

बाहेरच्या खोलीत चिकटपट्टीचा आवाज थांबला.

स्क्रीनवर सहा बटणं होती. ऐकायचं बटण करडं झालं होतं. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. केतकी दारात आली असावी, मला मागे वळून बघायचं नव्हतं. मग नेहमीच्या आवाजात, कामाच्या आवाजात, तिने विचारलं, "मावशी, ओळखीचं कोणी?"

"नाही गं," मी म्हटलं. "कोणी नाही."

"मग सहावं दाबा," ती म्हणाली, आणि परत खोके बांधायला गेली.